तीन वाजताचे वळ

मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. ती माझी सवय नाही, नोकरीच आहे — चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चौदा वर्षं मी क्वालिटीला आहे. पार्ट बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना विचारायचं नसतं, मापं घ्यायच्या व्हर्नियरला विचारायचं. घरातलं वळणही तसंच. आमच्याकडे देव्हारा नाही, बुद्धाची मूर्ती आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणीच बजावलं होतं की अंगात येणं, बाधा, उतारा असलं काही या दाराच्या आत आणायचं नाही. या सदरातले अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचते आणि निम्मे मनातल्या मनात रिजेक्ट करते. तुम्हीही मला खुशाल रिजेक्ट करा. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी माझं तुमच्याकडे एक काम आहे.

काळेवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. लिफ्ट नाही. खाली एक बेकरी आणि पंक्चरवाला. आई जाऊन नऊ वर्षं झाली, माझं लग्न टिकलं नाही (तो विषय वेगळा), त्यामुळे घरात अण्णा आणि मी. अण्णा बहात्तर वर्षांचे, पिंपरीच्या एका जुन्या कंपनीत लेथवर आयुष्य काढलेले, युनियनचे कट्टर. मागच्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तो थेट हाडांत पसरूनच… मणका, खुबा, मांडी. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आता पॅलिएटिव्ह केअर. मला ऐकू आलं, "घरी न्या." मी तिथेच त्यांच्याशी भांडले, टेबलावरची फाईल भिरकावली, सिक्युरिटीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी कशी आहे ते आधीच कळलेलं बरं.

पॅलिएटिव्हच्या टीमकडून रेश्मा सिस्टर आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही लोक हात टेकल्यावर येता ना? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजार बरा होणार नाही, पण माणूस बरा राहू शकतो, त्यासाठी येतो. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, दुखो वा न दुखो, घड्याळ लावून. सोबत पोट साफ व्हायचं औषध. व्यसन लागेल का, या गोळीने लवकर जातील का, माझ्या सगळ्या शंकांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. दुखणं शून्य ते दहात किती, हे अण्णांना रोज विचारून वहीत लिहायला सांगितलं. वहीत लिहायचं म्हटल्यावर मला जरा त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

पण आकडा उतरेना. नऊ, दहा, नऊ. दुखायला लागलं की अण्णा भिंतीवर डोकं आपटायचे, स्वतःच्या मनगटाला चावायचे. एकदा मी पाणी द्यायला वाकले तर त्यांनी स्टीलचं ताट फेकून मारलं. माझ्या भुवईवर तीन टाके पडले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून बापाला शिव्या घातल्या आणि मग रडले.

मी कंपनीत जायची, म्हणून पिंपळे गुरवच्या एका नर्सिंग ब्युरोतून माणूस ठेवला होता. प्रल्हाद त्याचं नाव. पंचेचाळिशीचा, परभणीकडचा, बारीक अंगाचा, सात ते सात ड्युटी. काम चोख, बोलणं जवळजवळ नाही. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच संशय असतो.

सोमवारी संध्याकाळी अण्णांचं अंग पुसताना डाव्या मांडीवर वळ दिसला. आडवा, सरळ, निळा-काळा. पडलात का म्हणून विचारलं, तर ते भिंतीकडे बघत राहिले. मंगळवारी उजव्या मांडीवर दुसरा. मी पर्समधून व्हर्नियर काढला. हसू नका. दोन्हींची रुंदी चाळीस मिलिमीटर, एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे. कातडी कुठेही सोललेली नाही. बॉलपेनने कडा आखून शेजारी तारीख टाकली, आम्ही पार्टवर टाकतो तशी. बुधवारी डाव्या नडगीवर तिसरा, चाळीसच. रक्त तपासून घेतलं. प्लेटलेट ठीक होत्या. आजाराने अंगावर डाग येतात, पण असे पट्टीने आखल्यासारखे एका मापाचे येत नाहीत.

आमच्या कामात एक पद्धत आहे. एकसारखा दोष रोज यायला लागला की त्या वेळी मशीनवर कोण उभं होतं ते आधी बघायचं. दिवसभर अण्णांजवळ कोण होतं, तर प्रल्हाद. बुधवारी संध्याकाळी मी त्याला जिन्यात गाठून दम दिला, की अजून एक वळ दिसला तर पोलिसांत देईन. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, एखाद्या दिवशी तीनला घरी थांबून बघा." मला तो उद्धटपणा वाटला.

गुरुवारी वळ नाही. शुक्रवारीही नाही. दम दिला आणि दोष थांबला, म्हणजे कारण सापडलं! मी मनातल्या मनात फाईल बंद केली.

शनिवारी हाफ डे घेऊन मी सव्वातीनला घरी पोचले. अण्णा एकटेच, डाव्या गुडघ्यावर नवा वळ उमटत होता, माझ्या डोळ्यांदेखत लालाचा निळा होत होता. तेवढ्यात मागून प्रल्हाद आत आला. त्याच्या हातात मेडिकलची पिशवी होती, म्हणजे तो खाली गेलेला होता. मी पिशवी बघितली आणि तरीही मला काही सुचलं नाही. कोपऱ्यातली अण्णांची अॅल्युमिनियमची काठी उचलली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हाणली. दुसरी डाव्या कानावर बसली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. त्याने हात वर केला नाही. पलंगावरून अण्णा ओरडत होते, "सोड त्याला, सुजे, सोड" — मला वाटलं, घाबरून ओरडताहेत.

"म्या न्हाई ओ ताई," प्रल्हाद म्हणाला. "म्या तर आडवा पडत होतो."

त्याने पाठ फिरवून शर्ट वर करायला सुरुवात केली. हा काय करतोय हे मला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं… मी तिसरी काठी घातली, ती कोपरावर लागली. मग त्याने पिशवी टेबलावर ठेवली, चपला हातात घेतल्या आणि कान दाबून जिना उतरला. मला खरं सांगायचं तर तेव्हा फार बरं वाटलं होतं.

रविवारी मी घरी होते. पावणेतीनला अण्णांनी दोन्ही हातांनी पलंगाचं रेलिंग धरलं. हॉस्पिटलसारखा तो लोखंडी पलंग आम्ही भाड्याने आणला होता. त्यांची नजर दाराकडे. दाराला आतून कडी, खिडकी बंद, घरात आम्ही दोघंच.

"आला," अण्णा म्हणाले.

मग आवाज झाला. धोपटण्याने ओली गोधडी बडवावी तसा. त्यांच्या उजव्या नडगीवर मांस आत गेलं — मी दोन फुटांवरून बघितलंय — आडवी खाच पडली, पाय गादीवर उसळला आणि खाच भरून आली. एक सेकंदही लागला नसेल. जे अण्णा कॅन्सरच्या कळांनी भिंतीवर डोकं आपटायचे, ते या वेळी ओरडले नाहीत. दात आवळून म्हणाले, "सात."

मी पलंगाखाली वाकले. पंखा, गादी, भिंत सगळं चाचपलं. मग वही बघितली. माझ्या नोंदीत पाचच वळ होते.

सोमवारी रेश्मा सिस्टरना दुपारीच बोलावून घेतलं. त्यांनी माझं सगळं ऐकलं, हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. अण्णांची उशी सारखी करताना अभ्र्यात त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सापडल्या, ओल्या होऊन चिकटलेल्या. आम्ही देत होतो, ते थुंकून लपवत होते. सिस्टर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "अण्णा, गोळी का नको?"

"दुखू दे. ते माझं हाय."

मी मध्ये तोंड उघडणार होते. सिस्टरनी हातानेच मला गप्प केलं. त्या म्हणाल्या, औषध शरीराच्या दुखण्याला देता येतं, दुसरं काही दुखत असेल तर ते सांगावं लागतं. तीन वाजत आले होते. सिस्टरनी अण्णांचा हात हातात घेतला आणि तेवढ्यात तो आवाज झाला. डाव्या दंडावर, सिस्टरच्या बोटांपासून वीतभर वर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी हात सोडला नाही.

"आठ," अण्णा म्हणाले आणि मग बोलले.

तीस एक वर्षांपूर्वी कंपनीत संप झाला होता. लांबला होता. बबन नावाचा दिघीचा एक जण मागच्या गेटने कामावर जायला लागला. एका दुपारी तीनच्या भोंग्याला शिफ्ट सुटली, तो बाहेर आला आणि चौघांनी त्याला नाल्याच्या पुलावर गाठला. लोखंडी पाईपला कापड गुंडाळलं होतं, कातडी फाटून पुरावा राहू नये म्हणून. "तिघांनी धरला. मारलं मी. अकरा." कुठे कुठे, तेही त्यांनी क्रमाने सांगितलं. डावी मांडी, उजवी मांडी, नडगी. चौथा आणि पाचवा पाठीत, तो वळला तेव्हा. मग गुडघा, दुसरी नडगी, दंड. नववा बरगडीवर, दहावा खांद्यावर. अकरावा डोक्यात घातला, त्यात बबनचा डावा डोळा गेला. पोलिसांना त्याने अण्णांचं नाव कधीच सांगितलं नाही.

"तो आत का जात व्हता, ते आमी इचारलंच न्हाई," अण्णा म्हणाले.

मला मात्र आकडाच दिसत होता. पाठीवरचे दोन कुठे आहेत? मी आणि सिस्टरनी अण्णांना कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ होती. गुरुवार आणि शुक्रवार. सिस्टर हळू म्हणाल्या, "प्रल्हाददादा शनिवारी आमच्या दवाखान्यात कान दाखवायला आले होते. त्यांच्या पाठीवर दोन वळ होते. ओझं उचलताना लागलं म्हणाले."

माझा दम खाऊनसुद्धा तो माणूस दोन दिवस तीन वाजता माझ्या बापावर आडवा पडला होता. आणि मी फाईल बंद केली होती.

पण रडायला वेळ नव्हता. आठ झाले होते, तीन राहिले होते, आणि शेवटचा डोक्यातला. अण्णांचं वजन अडतीस किलो. तो फटका त्यांना झेपणार नाही हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. मरणार तर ते होतेच. पण असे, दात आवळून, डोकं फुटून… ते मला नको होतं.

मंगळवारी सकाळी दिघीला गेले. मिलिटरीच्या कंपाउंडला लागून गल्ली आहे, तिथे घर सापडायला फार वेळ लागला नाही. अण्णांना पत्ता पाठ होता, इतकी वर्षं तो रस्ता टाळत आले होते. बबनकाका दारातच खुर्चीवर बसले होते. एक डोळा मिटलेला, एक गुडघा ताठ, आणि उजवा हात झोळीत. मी नाव सांगितलं. मी सगळं सांगितलं, वळ, वेळ, आकडे. त्यांनी झोळीतला हात बाहेर काढला. कोपरापासून बोटांपर्यंत टम्म सुजलेला. म्हणाले, आठवडा झाला, दुपारी डोळा लागतो आणि तीनच्या सुमाराला जाग येते ती हात ठणकत असतो, डॉक्टरांना कारण सापडत नाही. मग उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. मी पंधरा मिनिटं दार वाजवलं.

त्या दुपारी मी ठरवलं होतं की अण्णांवर आडवी पडायचं. प्रल्हाद पडला, मी तर मुलगी. तीनला पाच कमी असताना पलंगाशी गेले, वाकले, आणि मला जमलं नाही. पाय मागे आले. बरगडी मोडल्याचा आवाज मी भिंतीला पाठ लावून ऐकला. बुधवारी तर मी डोळे मिटून घेतले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी अण्णा अर्धवट शुद्धीत होते. तीनला दहा कमी असताना दार वाजलं. बबनकाका, जिन्यावरून ताठ पाय ओढत आलेले, घामाने निथळत. मी स्टूल दिलं. ते अण्णांच्या उशाशी बसले. तीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले.

"तू का जात व्हतास रं आत?" अण्णांनी विचारलं.

"काम आवडायचं मला," बबनकाका म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

अण्णांनी डोळे मिटले. ते रडत होते. आईच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "चूक झाली," असं त्यांनी दोनदा म्हटलं.

"मी कवाच सोडलंय ते. पोरीला विचार माझ्या, तुझं नाव बी काढत न्हाई घरात," बबनकाका बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात झोळीतून बाहेर आला. ते स्वतः त्या हाताकडे चकित होऊन बघत होते. मूठ वळली, कशावर तरी वळावी तशी अर्धवट, मध्ये जागा ठेवून. हात डोक्याच्या वर गेला. त्यांनी डाव्या हाताने मनगट पकडलं, सगळा भार टाकून त्याला लटकले, तोंडातून लाळ गळत होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आणि हात खाली आला. त्यांनी शेवटच्या क्षणी अंग फिरवलं. फटका अण्णांच्या कानाशेजारून लोखंडी रेलिंगवर बसला. पलंग जागेवरून हलला, रेलिंग चेपलं, आणि बबनकाकांची दोन बोटं मोडली.

ते जमिनीवर कोसळले आणि पहिल्यांदा ओरडले. मग मोडका हात छातीशी धरून अण्णांकडे बघत म्हणाले, "मी सोडलं व्हतं रं. ह्यो हात सोडत नव्हता."

नंतर मी रेलिंग मोजलं. पाऊण इंची पाईपला बारा मिलिमीटर खोल खाच, रुंदी चाळीस. साठी ओलांडलेल्या माणसाच्या नुसत्या मुठीने हे होत नाही. पलंग परत न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, यावरून टेम्पो गेला का.

त्या संध्याकाळी अण्णांनी गोळी मागून घेतली. गिळली, तोंड उघडून दाखवलं. दुखण्याचा आकडा तीन दिवसांत नवावरून तीनवर आला. वळ पुन्हा उठला नाही. अण्णा त्यानंतर एकोणीस दिवस जगले, आणि ते दिवस चांगले गेले हे मी वहीत बघून सांगू शकते. पाव-दूध खाल्लं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, प्लास्टर घातलेल्या बबनकाकांशी दोनदा जुन्या सुपरवायझरवरून हसले. श्वास बदलेल, मध्ये थांबेल, घाबरू नका, हे सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी साडेनऊला, माझा हात कपाळावर असताना, ते गेले. पॅलिएटिव्हला "हात टेकणं" म्हणणाऱ्या मला आता त्या शब्दाची लाज वाटते.

हे काय होतं ते मला माहीत नाही. रेश्मा सिस्टर म्हणतात, त्यांनाही माहीत नाही. माझ्याकडे फोटो आहेत, मापं आहेत, तारखा आहेत, आणि कारणाचा रकाना रिकामा आहे.

आता माझं काम. प्रल्हादने त्या शनिवारनंतर ब्युरो सोडला. फोन बंद. ब्युरोकडे गावाचं नाव नाही, परभणीकडचा एवढंच. त्या कानाने त्याला ऐकू येतं की नाही, तेही मला कळलेलं नाही. मी मारलेल्या तीन काठ्या वहीत शेवटच्या पानावर लिहिल्या आहेत. उजवा खांदा, डावा कान, कोपर. रोज आंघोळीनंतर आरशात या तीन जागा बघते. अजून काही नाही. तो कदाचित केव्हाच विसरला असेल, तसा माणूस आहे तो. पण विसरलं तरी काय होतं ते मी बघितलंय.

कुणाला तो भेटला तर एवढंच सांगा, की सुजाताताईला कळलंय, तू आडवा पडत होतास. आणि सांगा की दर रविवारी दुपारी तीनला मी घरीच असते. दाराला कडी लावत नाही.